आज्याचा प्रश्न आणि गोंडीचं अक्षर

आज आधी एक काम करा. फोन हातात आहेच, तर पैसे पाठवायचं ॲप उघडा. आकड्याच्या आधी ₹ दिसतंय ना? हे चिन्ह २०१० पर्यंत नव्हतंच. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांची सांगड घालून ते तयार केलं डी. उदय कुमार यांनी. ते आयआयटी मुंबईत डिझाइनमध्ये पीएचडी करत होते आणि त्यांचा विषय होता तमिळ अक्षरं. १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारने या चिन्हाला मंजुरी दिली.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा आजा. मी चंद्रपूरहून व्हिज्युअल कम्युनिकेशनच्या पीजीसाठी निघाले, तेव्हा त्याने विचारलं, "चित्र काढाले मुंबईले कायले जा लागते वो बाई?" तेव्हा मला काही उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघते.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. मग १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी, म्हणजे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी आपल्या जेजेमध्ये शिकलेले, नंतर जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले. आधी तिथे वस्तूंचं डिझाइन शिकवलं जायचं. व्हिज्युअल कम्युनिकेशनचं पदव्युत्तर शिक्षण १९८४ मध्ये सुरू झालं.

तिथे शिकवायला होते र. कृ. जोशी. जाहिरात क्षेत्रातला माणूस, कवी आणि सुलेखनकार. अक्षर कागदावर सुंदर दिसलं की काम संपलं, असं ते मानत नसत. जोडाक्षर, वेलांटी, रफार हे सगळं कॉम्प्युटरवर नीट बसायला हवं ना! विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट त्यांचाच. विंडोज २००० पासून तो आला आणि सरकारी परिपत्रकांपासून सायबर कॅफेत टाइप केलेल्या अर्जांपर्यंत पोचला. मराठी टाइप करताना तुमच्यापैकी अनेकांनी तो वापरलाय, फक्त नाव ठाऊक नसेल.

आता आपल्या जिल्ह्यात या. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाज्यांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचं राजचिन्ह. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही वेशीवरच कळायचं की इथे राज्य कोणाचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हेच व्हिज्युअल कम्युनिकेशन!

चिन्ह दगडात टिकलं, पण भाषेचं काय झालं? गोंडी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत बोलली जाते. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी एक लिपी तयार केली. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात, गुंजाळा गावात, आणखी एका गोंडी लिपीतली हस्तलिखितं सापडली. पण फोनला अक्षर कळायचं तर ते युनिकोडमध्ये असावं लागतं. देवनागरी तिथे १९९१ पासून आहे. मसराम गोंडी आली २०१७ मध्ये, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत!

सुट्टीत घरी आले तेव्हा आज्याला त्याच्याच भाषेतले शब्द गोंडी लिपीत मोठ्ठे छापून दाखवले. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, हसला आणि म्हणाला, "झाक हाये. पण हे वाचन कोन?"

मी गप्प झाले. त्याला ना देवनागरी वाचता येते, ना ही लिपी. पण नंतर लक्षात आलं, दोन वर्षं वर्गात आम्ही याच प्रश्नाशी झगडत होतो. हे कोणासाठी? त्याला कळेल का? लिपी युनिकोडमध्ये आली म्हणजे दार उघडलं, एवढंच. पुढे पोरांची पुस्तकं, दवाखान्यातल्या पाट्या, फोनचा कीबोर्ड हे सगळं कोणीतरी घडवावं लागतं. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रंही.

तर आज्या, मुंबईला जावं लागतं ते हे शिकायला. चित्र काढायला नाही.

आणि तुम्ही, गडचिरोलीत, अहेरीत, बल्लारपुरात ऐकणारे! आयआयटींमधल्या डिझाइनच्या पीजीसाठी सीड नावाची परीक्षा असते. त्यासाठी आर्टचीच पदवी लागते असं नाही. हात थोडा कच्चा असला तरी चालेल, पण प्रश्न आपल्या गावचा घेऊन जा. भेटू पुढच्या भागात!