‘व्यत्यय’ या सदराखाली नोंदलेले प्रदूषण : कॅम्प लेज्यून येथील पाणी-परीक्षण

पाण्याच्या प्रदूषणाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळेचा अहवाल हे अव्वल दर्जाचे साधन मानण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वस्वी अयोग्य नाही. मात्र प्रत्येक अहवाल हा कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो व तो प्रश्न अहवालात क्वचितच नमूद केलेला असतो, ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेआड होता कामा नये. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्यून हा मरीन दलाचा तळ आहे. तेथील पिण्याच्या पाण्यात औद्योगिक विद्रावके सापडली, ती कोणी शोधीत होते म्हणून नव्हे. शोध दुसऱ्याच पदार्थांचा चालला होता.

पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन सोडले असता क्लोरोफॉर्मसारखी संयुगे निर्माण होतात, हे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेत बेलर व लिख्टेनबर्ग यांनी अशा बाष्पशील पदार्थांच्या मापनाची सोपी रीत प्रसिद्ध केली. पाण्यातून निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडावयाचे, त्यांबरोबर निघालेली बाष्पे एका शोषक नळीत अडकवावयाची आणि नळी तापवून ती वायु-वर्णलेखन यंत्राकडे धाडावयाची. १९७९ च्या नोव्हेंबरात अमेरिकन सरकारने या ट्रायहॅलोमिथेन वर्गासाठी लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घालून दिली. कॅम्प लेज्यूनचे नमुने १९८० साली तपासणीस गेले ते या नियमाच्या पूर्वतयारीसाठी.

वर्णलेखन यंत्र पदार्थाचे नाव सांगत नाही. अमुक वेळी अमुक उंचीचे शिखर उमटले, एवढेच सांगते. दोन पदार्थ जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडले की त्यांची शिखरे एकमेकांत मिसळतात. लष्कराच्या प्रयोगशाळेत हॅडनॉट पॉइंट येथील नमुन्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ट्रायहॅलोमिथेनांचे आकडे विश्वसनीय ठरेनात, कारण दुसरेच काही पदार्थ मध्ये येत होते. परीक्षकाने प्रारंभी याला ‘व्यत्यय’ म्हटले. (परीक्षकाच्या दृष्टीने तो व्यत्ययच होता, शब्दाला दोष देण्याचे कारण नाही.) पुढे त्याने द्रव्यमान-वर्णपटमापकाने क्लोरीनयुक्त संयुगांची तपासणी करावी असे सुचविले, आणि १९८१ च्या मार्चमध्ये तर पाणी विद्रावकांनी अत्यंत दूषित असल्याचे उद्गारचिन्हासह लिहून ठेवले. अर्थात या नोंदी ट्रायहॅलोमिथेनांच्या तक्त्याखालील शेरे होते. तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

१९८२ साली दुसऱ्या, खाजगी प्रयोगशाळेने पदार्थांची नावे निश्चित केली. हॅडनॉट पॉइंटच्या पाण्यात यंत्रांचे भाग स्वच्छ करण्याचे ट्रायक्लोरोएथिलीन होते. टरावा टेरेस या निवासी वसाहतीच्या पाण्यात ड्रायक्लीनिंगचे टेट्राक्लोरोएथिलीन होते व ते तळाबाहेरील एका दुकानातून भूजलात उतरले होते. मे महिन्यात हॅडनॉट पॉइंटच्या एका नमुन्यात ट्रायक्लोरोएथिलीनचे प्रमाण लिटरमागे १४०० मायक्रोग्रॅम निघाले. जुलैतील नमुन्यांत मात्र ते वीसच्या आसपास उतरले. पाणी अनेक विहिरींचे असे व विहिरी आळीपाळीने चालत. नमुना घेतेवेळी कोणते पंप सुरू होते यावर आकडा अवलंबून राही, आणि नळाचे पाणी तपासून विहिरीचा दोष कळणे शक्य नव्हते. विहिरींची स्वतंत्र तपासणी १९८४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर पहिली विहीर बंद करण्यात आली व फेब्रुवारी १९८५ पर्यंत सर्वाधिक दूषित अशा दहा विहिरी वापरातून काढण्यात आल्या.

या चार वर्षांच्या विलंबाचे समर्थन करताना, त्या काळी या विद्रावकांना कायदेशीर मर्यादाच नव्हती, असे सांगण्यात येते. विधान खरे आहे. ट्रायक्लोरोएथिलीनची ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा १९८७ साली जाहीर होऊन १९८९ पासून अमलात आली. पण त्यावरून नियमभंग झाला नाही एवढेच सिद्ध होते. माहिती नव्हती असे सिद्ध होत नाही. हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे या प्रकरणावरील पुष्कळसे लेखन निष्कारण गोंधळाचे झाले आहे, असे आमचे मत आहे.

अधिक बिकट प्रश्न १९८० पूर्वीच्या काळाचा आहे. त्या काळातील एकही मापन उपलब्ध नसल्यामुळे सरकारी आरोग्य-संस्थेच्या संशोधकांनी भूजलाचा प्रवाह, विहिरींचे उपसे व दूषणाची उगमस्थाने यांवरून गणिताने मागील प्रमाणे काढली. टरावा टेरेस येथे नोव्हेंबर १९५७ पासून ५ मायक्रोग्रॅमची पातळी ओलांडली गेली असावी, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. बाधित कुटुंबांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी २०१२ साली झालेल्या कायद्यात पात्रतेचा आरंभ १ जानेवारी १९५७ हा धरला होता. पुढे हॅडनॉट पॉइंटचे गणित पूर्ण झाले, त्यात हा काळ ऑगस्ट १९५३ पर्यंत मागे गेला, आणि २०१४ साली कायद्यातील दिनांक बदलून १ ऑगस्ट १९५३ करण्यात आला. मधल्या साडेतीन वर्षांत तळावर राहून गेलेल्यांचा हक्क या दुरुस्तीमुळे प्रथमच मान्य झाला.