झोपेतून उठलेला प्रोसेसर आणि कर्नलची नोंदवही

१/९
संगणकाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांच्या पोटातील बारीक नोंदी मात्र उपेक्षित राहतात. आजचा धागा अशाच नोंदींचा आहे. ‘मेमरी टाइप रेंज रजिस्टर’, संक्षेपाने एमटीआरआर, म्हणजे काय आणि ती जपून ठेवण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर कशी येऊन पडली?

२/९
मूळ १९८१ मध्ये आहे. आयबीएम पीसीच्या रचनेत पहिल्या १ एमबी पत्त्यांपैकी ६४० केबी प्रोग्रामांना मिळाले. वरचा भाग पडद्याची मेमरी, विस्तार-कार्डे आणि बायोस यांच्या वाट्याला गेला. पुढे १९८९ मध्ये ८०४८६ च्या चिपवरच ८ केबी कॅश आली. साध्या मेमरीची प्रत कॅशमध्ये ठेवणे लाभाचे असते. परंतु उपकरणाच्या पत्त्याची प्रत ठेवली, तर उपकरणातील स्थिती बदलली तरी प्रोसेसर जुनेच वाचत राहील. म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणता न्याय लावायचा, हे कोणीतरी ठरवणे भाग होते.

३/९
आरंभी हा निवाडा मदरबोर्डवरील चिपसेट करीत असे आणि एका पिनेवरील संकेताने तो प्रोसेसरला कळवीत असे. नोव्हेंबर १९९५ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रो आला आणि हा अधिकार प्रोसेसरच्या आत, एमटीआरआरमध्ये गेला. मेमरीचे पाच प्रकार ठरले: अनकॅशेबल, राइट-कम्बाइनिंग, राइट-थ्रू, राइट-प्रोटेक्टेड आणि राइट-बॅक. संगणक सुरू होताना बायोस ही रजिस्टरे भरतो.

४/९
या रजिस्टरांची रचना एखाद्या उत्खननासारखी वाचता येते. ११ स्थिर रजिस्टरे पहिल्या १ एमबीचे ८८ तुकडे करतात: ६४ केबीचे ८, १६ केबीचे १६ आणि ४ केबीचे ६४. सर्वांत बारीक तुकडे कुठे आहेत? ७६८ केबीच्या वर, जिथे कार्डे आणि बायोस दाटीवाटीने राहत होते. १९८१ चा नकाशा १९९५ च्या सिलिकॉनमध्ये असा कोरला गेला. उरलेल्या मेमरीसाठी बदलत्या सीमांची रजिस्टरे आहेत. मात्र त्यांतील प्रत्येक पट्ट्याचा आकार दोनाच्या घातातच असावा लागतो.

५/९
लिनक्समध्ये या रजिस्टरांसाठीचा आधार रिचर्ड गूच यांनी लिहिला. जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलमध्ये तो होता. पडद्याच्या मेमरीला राइट-कम्बाइनिंग लावले की सुटे सुटे लेखन एकत्र होऊन एका दमात पाठवले जाते. चित्रे रेखाटण्याचा वेग त्यामुळे २.५ पट किंवा त्याहून अधिक वाढू शकतो, असे कर्नलच्या दस्तऐवजात नमूद आहे.

६/९
खरी कसोटी लागली ती झोपेच्या वेळी. डिसेंबर १९९६ च्या एसीपीआय मानकाने ‘एस३’ अवस्था दिली: रॅमला वीज मिळत राहते, प्रोसेसर मात्र विझतो. विझलेल्या प्रोसेसरची रजिस्टरे पुसली जातात, आणि एमटीआरआर बंद असले की प्रोसेसर सारी मेमरी अनकॅशेबल मानतो. फाइली शाबूत, प्रोग्राम शाबूत. तरीही प्रत्येक सूचना थेट रॅममधून आणावी लागल्याने यंत्र गोगलगायीच्या गतीने चालते. म्हणून झोपेपूर्वी नोंद करणे आणि जाग आल्यावर ती जशीच्या तशी परत भरणे हे कर्नलचे कर्तव्य ठरले.

७/९
प्रोसेसर अनेक असले की संकट वाढते. एकाने एखादा पत्ता कॅशमध्ये ठेवावा आणि दुसऱ्याने तोच अनकॅशेबल मानावा, अशी फारकत झाली तर दोघांना एकाच ठिकाणी वेगवेगळा मजकूर दिसू शकतो. म्हणून बदल करताना सारे प्रोसेसर एकत्र थांबतात, इंटरप्ट रोखले जातात, कॅश बंद करून रिकामी केली जाते, नवी मूल्ये लिहिली जातात आणि मगच सर्व जण पुन्हा वाटचाल सुरू करतात.

८/९
यातला सर्वांत उद्बोधक भाग असा की, नोंद कधी केली यालाही महत्त्व आहे. आरंभी टिपलेली मूल्ये पुढे खरी राहतीलच असे नाही. एसीपीआय सुरू करताना फर्मवेअर कर्नलच्या नकळत ती बदलू शकते. जुनी नोंद प्रमाण मानली तर नंतर जागे होणारे प्रोसेसर पहिल्याशी विसंगत ठरतील. यावर लिनक्सने शोधलेला उपाय साधा आहे: नवा प्रोसेसर उठवण्याआधी चालू प्रोसेसरची स्थिर रजिस्टरे पुन्हा टिपून घ्यायची आणि तीच प्रत नव्याला द्यायची.

९/९
पेंटियम ३ ने १९९९ मध्ये ‘पेज अॅट्रिब्यूट टेबल’ आणले. त्यामुळे मेमरीचा प्रकार पानागणिक ठरवता येऊ लागला आणि दोनाच्या घाताची अडचण सरली. चालकप्रणाली हळूहळू तिकडे वळल्या. पण एमटीआरआर गेले नाहीत. फर्मवेअर आजही ते भरते आणि कर्नल आजही त्यांची नोंद ठेवतो. कागदपत्र अस्सल आहे एवढ्याने भागत नाही, ते कोणत्या क्षणाचे आहे हेही पाहावे लागते. इतिहासाचा अभ्यासक हे जाणतोच. कर्नललाही ते शिकावे लागले.