दाभोळची तर

घिवली-तारापूरपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने गाठायला अर्धा दिवस मोडतो. म्हणून खाडी तिथे तर, हा इथला जुना रिवाज. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेली दाभोळ-धोपावे ही अशीच एक तर.

दाभोळचे नाव निघाले की आपण मुसलमान लगेच बहमनी आणि आदिलशाही वैभव सांगू लागतो. ते खोटे नाही. 15व्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरातून परतीच्या जहाजावर चढला. इथे अरबस्तान-खुरासानचे घोडे उतरत, हे त्याने नोंदवले आहे. चौलच्या लढाईत मुलगा मारला गेला, त्याचा सूड म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने डिसेंबर 1508 मध्ये हे शहर जाळले. आदिलशाही काळातली मशीद आजही खाडीकाठी उभी आहे.

पुढे व्यापार दुसऱ्या बंदरांकडे वळला, पण लोकांचे पलीकडे जाणे थांबले नाही. बाजार, सोयरीक, मयत, दवाखाना यांसाठी खाडी ओलांडावीच लागे. इंग्रज सरकारने 1868 मध्ये मुंबई इलाख्यातल्या तरींसाठी कायदा केला, यावरून या वाहतुकीचे महत्त्व कळते. 2003 मध्ये दाभोळ-धोपाव्यावर वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि खेड-चिपळूणचा लांबलचक वळसा वाचला.

या खाडीने एक शब्दही जपला आहे. फारसीत जहाजाच्या मालकाला ‘नाखुदा’ म्हणतात, त्याचाच आपला ‘नाखवा’ झाला. हे आडनाव कोकणी मुसलमानांत आहे, तसे कोळ्यांतही आहे. एकाच पाण्यावर पोट असलेल्या माणसांनी शब्दही वाटून घेतला.

या मातीशी तुमचे नाते काय, असे कोणी विचारले की आपण सुलतानांची यादी पुढे करतो. सुलतान आले आणि गेले. वल्हे मारणारा मात्र इथलाच होता, आणि त्याचे नाव कोणत्याही तवारिखेत नाही.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायलाच हवेत, कारण रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन धक्क्यावर ताटकळणे काय असते, ते तिथल्या माणसालाच ठाऊक. पण त्याआधी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या तांडेलांजवळ बसा. भाडे किती होते, ते धान्यात घेत की पैशात, वादळात कोणाला उतरवले, हे विचारा आणि लिहून ठेवा.