पत्ता : उघडा आणि झाकलेला

मुंबईच्या चाकरमान्याने गावी पाठविलेल्या मनीऑर्डरीवर ‘मु. पो.’पासून ‘जि. रत्नागिरी’पर्यंत सारे सुवाच्य लिहिलेले असे. सापडणे हाच पत्त्याचा धर्म होता. आज त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर अधिकाऱ्यांचे ई-मेल पत्ते पाहिले, तर एक चमत्कारिक लेखन आढळते. पत्त्यातील चिन्ह आणि टिंब गाळून त्यांच्या जागी कंसात ‘ॲट’ आणि ‘डॉट’ असे शब्द घातलेले असतात. माणसाला कळावे, यंत्राला कळू नये, हा त्यामागील हेतू. पत्ता एकाच वेळी सांगावा आणि लपवावाही लागावा, ही वेळ कशी आली?

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये जे चिन्ह योजले, ते कोणाच्याही नावात येत नाही म्हणूनच निवडले होते. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठविली. अनाहूत टपालाचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. हे पत्ते त्या वेळच्या आर्पानेट जाळ्याच्या छापील निर्देशिकेतून घेतलेले होते. ते इतके झाले, की मथळ्यात न मावता काही पत्ते मजकुरातच उतरले! म्हणजे पहिली वेचणी हाताने झाली, आणि तीही परस्परांच्या सोयीसाठी विश्वासाने छापलेल्या पुस्तकातून.

नव्वदीच्या दशकात हे काम यंत्रांकडे गेले. संकेतस्थळांची पाने वाचीत जायचे आणि ते एक चिन्ह दिसले, की त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरे उचलायची, एवढेच त्यांचे वाचन. कोणाच्याही नावात येत नसल्याने जे चिन्ह निवडले गेले, त्यानेच पत्ता ओळखू येऊ लागला. २००३ साली ‘सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी’ या अमेरिकी संस्थेने एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. त्यासाठी अडीचशेवर नवे पत्ते ठिकठिकाणी ठेवले होते. आलेल्या कचऱ्यापैकी ९७ टक्क्यांहून अधिक कचरा जाहीर संकेतस्थळांवरील पत्त्यांना आला. शब्दांत फोड करून लिहिलेल्या पत्त्यांना मात्र काहीच आला नाही. क्षुल्लक वाटणारी युक्ती तेव्हा खरोखर पुरेशी होती.

मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण व्हावी. आपले ग्रंथ परक्या दृष्टीपासून जपण्यासाठी त्यांनी ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिपी वापरल्या. ग्रंथ जपले गेले. पण ‘लीळाचरित्रा’सारखे गद्य कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकालाही पारखे राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, भावे आदींनी त्या लिपींची कुलुपे उघडली. शत्रूसाठी घातलेले कुलूप आप्तालाही अडवते, हा धडा त्यातून मिळतो.

पत्त्यांच्या बाबतीतही तेच घडले. पत्ता चित्ररूपाने दिला, तर अंध वाचकाचे पडदावाचक यंत्र तेथे मुके होते. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांची निर्देशिका शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असते. ती फोड केलेल्या रूपात दिली, की अर्ज करणाऱ्या नवख्या नागरिकाला तो कंस बिचकवतो. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही येथे फारसा उपयोगी नाही, कारण स्वतःहून किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

आणि आजचे यंत्र केवळ चिन्ह शोधणारे राहिलेले नाही. ‘ॲट’ म्हणजे काय, हे ते माणसाइतकेच सहज वाचते. संकेत टिकतो तो वाचणारा अडाणी असेपर्यंतच. तेव्हा पत्ता झाकण्यापेक्षा दारात आलेले टपाल चाळणे, आणि जाहीर पत्ता व्यक्तीचा न ठेवता पदाचा ठेवणे, हेच अधिक शहाणपणाचे. अन्यथा कचरा येतच राहील आणि जिल्ह्याच्या एखाद्या खेड्यातून लिहिलेला खरा अर्ज तेवढा वाटेत हरवेल.