टार्नच्या काठावरून: लेक डिस्ट्रिक्टमधील एका धावेचा इतिहास

इंग्रजी साहित्याच्या आपल्याकडील विद्यार्थ्याला इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट हा प्रदेश डॅफोडिलच्या फुलांमुळे ठाऊक असतो. ती फुले वर्ड्‌स्वर्थला १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर या सरोवराकाठी भेटली. तेव्हापासून हा प्रदेश आपल्या मनात पाण्याकाठी स्तब्ध उभा आहे, जणू कुणी तिथे कधी घाईत नव्हतेच. वस्तुतः या डोंगराळ मुलखाला चालण्याचा आणि धावण्याचाही दीर्घ इतिहास आहे. तो वाचल्यावर ओळखीच्या कविताही थोड्या वेगळ्या दिसू लागतात, म्हणून हा प्रपंच.

आधी शब्दांविषयी. तिथे डोंगराला ‘फेल’ म्हणतात, खोऱ्याला ‘डेल’, ओढ्याला ‘बेक’, आणि डोंगराच्या कुशीत साचलेल्या लहान तळ्याला ‘टार्न’. हे सारे शब्द सुमारे हजार वर्षांपूर्वी येथे वस्ती करणाऱ्या नॉर्स लोकांचे. मेंढपाळी हाच त्या मुलखाचा मुख्य व्यवसाय राहिल्यामुळे ते टिकले. तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही. प्रत्येक कळपाचा डोंगरावरील चरण्याचा टापू ठरलेला असतो, आणि कोकरू तो आईच्या मागे फिरून शिकते. हद्दीचा नकाशा असा पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या स्मरणात राहतो. पुढे धावपटूंच्या वाटेविषयी बोलताना हा तपशील उपयोगी पडेल.

वर्ड्‌स्वर्थ आयुष्यभरात पावणेदोन लाख मैलांहून अधिक चालला असावा, असा हिशेब डी क्विन्सीने मांडला होता. आकड्यावर फार विश्वास टाकू नये, पण चालणे हीच या कवीची लिहिण्याची रीत होती हे खरे. कोलरिजचे चालणे मात्र निराळे. ऑगस्ट १८०२ मध्ये केझिकहून तो एकटाच नऊ दिवसांच्या भटकंतीला निघाला. हातात झाडूचा दांडा, सोबत दौत-लेखणी. स्कॅफेलच्या माथ्यावर बसून त्याने सारा हचिन्सनला पत्र लिहिले आणि मग उतरायला जी दिशा प्रथम समोर आली ती धरली. ती निघाली ब्रॉड स्टँड नावाची खडकांची उतरंड. एकेका कडेला लोंबकळून खालच्या कडेवर पाय टाकायचा, आणि एकदा खाली आल्यावर परत वर जाणे अशक्य, असा तो प्रकार. थरथरत्या पायांनी तो खडकावर उताणा पडला आणि स्वतःला हसला, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. इंग्रजी गद्यातील गिर्यारोहणाच्या वर्णनांत याहून जिवंत वर्णन मला तरी ठाऊक नाही.

परंतु कवी ज्या मेंढपाळांविषयी लिहीत होते ते स्वतः त्याच उतारांवर काय करत होते? ‘मायकेल’ या १८००च्या कवितेतील म्हातारा मेंढपाळ वादळी रात्री डोंगर चढून जातो, कळप सांभाळतो. त्याच्या पायांचे कसब कवितेला माहीत आहे, पण तिथे ते दुःखाच्या पार्श्वभूमीसारखे येते. त्या कसबाला स्वतःचा इतिहास मिळाला तो जत्रांतून. ग्रासमिअर या वर्ड्‌स्वर्थच्याच गावी १८६०च्या दशकापासून वार्षिक खेळांत ‘गाइड्स रेस’ होऊ लागली: समोरचा डोंगर चढायचा, उतरायचा, पहिल्याला रोख बक्षीस. आणि या रोख बक्षिसानेच घोटाळा केला. जो पैसे घेऊन धावतो तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला हौशींच्या शर्यतीत प्रवेश नाही, अशी त्या काळच्या इंग्लंडची शिस्त होती. चार नाणी जिंकलेला शेतमजूर त्यामुळे हौशी शर्यतींना मुकला. कॅल्डबेकच्या बिल टीसडेलसारखा असामान्य धावपटू या रेघेच्या ‘चुकीच्या’ बाजूलाच राहिला. ही भिंत मोडायला १९९०चे दशक उजाडावे लागले. खेळाच्या नियमांआड वर्गभेद किती सहज लपतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

दुसरीकडे सुशिक्षित वर्गाने एक वेगळाच छंद काढला होता: चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरे. १९०५ मध्ये केझिकचा डॉक्टर आर्थर वेकफील्ड याने या प्रकारात विक्रम केला. हाच वेकफील्ड १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता. त्याच सुमारास युस्टेस टॉमसने त्याच्यापुढे मजल मारली. आणि मग १३ जून १९३२ रोजी केझिकमध्येच पाहुण्यांना उतरवून घेणारा एक घरमालक, बॉब ग्रॅहॅम, गावच्या मूट हॉलपासून निघाला. त्याने २३ तास ३९ मिनिटांत बेचाळीस शिखरे केली आणि तो तिथेच परतला. अंतर सुमारे ६६ मैल, एकूण चढाई सुमारे २७,००० फूट. पायांत टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा सदरा. खाणे म्हणजे लोणी-पाव, अंडे, फळे, गोळ्या. वयाच्या प्रत्येक वर्षासाठी एक शिखर, अशी आख्यायिका सांगतात. पण त्या दिवशी तो बेचाळीस वर्षांचा होता की त्रेचाळीस, यावर सांगणाऱ्यांचेच एकमत नाही. दंतकथेला एवढी उसंत द्यावी.

इथे साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा असा प्रश्न उभा राहतो. हे सारे घडले याला पुरावा काय? ग्रॅहॅमने ग्रंथ लिहिला नाही. त्याच्यासोबत टप्प्याटप्प्याने डोंगर जाणणारे मित्र होते. त्यांची साक्ष, एवढेच. असे काही शक्य आहे का, अशी शंका घेणारे निघाले. अठ्ठावीस वर्षे कुणालाही ती फेरी पुन्हा जमली नाही. १९६० मध्ये ॲलन हीटनने ती २२ तास १८ मिनिटांत पूर्ण केली, आणि जुन्या कथनाला नव्या धावेने प्रमाण मिळाले. हस्तलिखिताचा खरेपणा दुसरी प्रत सापडल्यावर पटावा, तसेच हे. १९७१ मध्ये फेरी पूर्ण करणाऱ्यांचा क्लब निघाला. त्याने साक्षीचा नियमच केला: प्रत्येक शिखरावर धावणाऱ्यासोबत कुणीतरी असले पाहिजे. म्हणजे वाट अजूनही माणसाने माणसाला दाखवायची, आईमागच्या कोकरासारखी. आता मनगटावरचे यंत्र पावलागणिक नोंद ठेवते. तरी नियम राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. १९७५ मध्ये वॉस्डेलचा मेंढीपालक जॉस नेलर चोवीस तासांच्या आत ७२ शिखरे फिरला. २०२४ मध्ये तो वारला तेव्हा त्या खोऱ्याचा एक युगपुरुष गेला असे लोक म्हणाले, आणि ते अतिशयोक्त नव्हते. १९७७ मध्ये जीन डॉज ही फेरी पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. १९८२ मध्ये बॉरोडेलच्या बिली ब्लँडने १३ तास ५३ मिनिटांची वेळ दिली. ती छत्तीस वर्षे अबाधित राहिली. मग २०१८ मध्ये किलियन जॉर्ने याने १२ तास ५२ मिनिटांत फेरी केली.

मला मात्र या वाटेवरच्या दोन जागा आकड्यांहून अधिक बोलक्या वाटतात. पहिली, स्कॅफेल पाइक आणि स्कॅफेल यांमधली खिंड. नेहमीच्या दिशेने धावणाऱ्याला इथे तोच ब्रॉड स्टँड आडवा येतो; कोलरिज उतरला, धावणाऱ्याला चढायचा असतो. कुणी दोर लावतात, कुणी लांबचा वळसा घेऊन फॉक्सेस टार्नवरून जातात. हे टार्न इतके लहान की त्याला तळे म्हणणे हा औदार्याचा भाग. पण घाईत सापडलेल्या माणसाला ते नेमके ठाऊक असावे लागते.

दुसरी जागा ग्राइझडेल टार्न. हेल्वेलिनची रांग उतरून धावपटू इथे पोचतात आणि लगेच समोरच्या फेअरफील्डच्या चढणीला लागतात. याच तळ्याजवळ २९ सप्टेंबर १८०० रोजी वर्ड्‌स्वर्थने धाकट्या भावाचा, जॉनचा, निरोप घेतला. जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर कप्तान झाला. बंगाल आणि चीनच्या वाटेवर निघालेले त्याचे ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ फेब्रुवारी १८०५ मध्ये इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ बुडाले, आणि त्यात तो गेला. आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या त्या व्यापाराची किंमत अशीही कुणी मोजली. वर्ड्‌स्वर्थने भावासाठी लिहिलेल्या ओळी पुढे तळ्याखालच्या एका खडकावर कोरण्यात आल्या. पाऊस-वाऱ्याने अक्षरे आता पुसट झाली आहेत, आणि खडक धावेच्या वाटेपासून थोडा बाजूला, उताराच्या खाली आहे. तिकडे वळायचे तर उतरून पुन्हा चढावे लागते, आणि घड्याळ चालू असते.