गहाण पडलेलीं माणसें

जमीन, घर किंवा दागिने गहाण ठेवून कर्ज काढण्याची रीत फार जुनी आहे. कर्ज फिटलें नाहीं तर वस्तु सावकाराची होते. घर गेल्याचें दुःख माणसाला होतें, घराला होत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या दक्षिण भागांत अशा बँका उभ्या राहिल्या कीं, ज्यांच्या तारणांत जमिनीबरोबर जिवंत माणसेंही मोडत होतीं.

लुइझियाना हा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेनें १८०३ सालीं फ्रान्सकडून विकत घेतला आणि १८१२ सालीं त्याच्या दक्षिण टोकाशीं त्याच नांवाचें संस्थान झालें. मिसिसिपी नदीकांठची तेथील गाळाची जमीन ऊंस व कापूस यांना उत्तम होती. एली व्हिटने यानें १७९३ सालीं सरकी काढण्याचें यंत्र तयार केल्यापासून कापसाची लागवड झपाट्यानें वाढली होती आणि इंग्लंडांतील गिरण्यांना तो हवाच होता. उणीव होती ती राबणाऱ्या हातांची. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास कायद्यानें बंदी झाली. देशांतल्या देशांत मात्र त्यांची विक्री चालूच राहिली. व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या संस्थानांतून लाखों गुलाम दक्षिणेकडे नेले गेले. न्यू ऑर्लिन्स हें या बाजाराचें मुख्य ठाणें होतें. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, आणि पोर तिसऱ्याच, अशी ताटातूट ही तेथील नित्याची गोष्ट होती.

गुलाम विकत घ्यावयाचे तर पैसा हवा, आणि मळेवाल्यांचा पैसा तर जमिनींत व गुलामांतच अडकलेला. ही अडचण बँकांनीं सोडविली. १८२७ सालीं लुइझियानाच्या मळेवाल्यांनीं स्वतःची एक बँक काढली. तिची रचना मोठी चतुर होती. मळेवाल्यानें आपली जमीन व गुलाम बँकेकडे गहाण टाकावे, त्याबद्दल बँकेचे भाग घ्यावे आणि त्या भागांच्या जोरावर कर्ज उचलावें. या तारणाच्या पाठबळावर निघालेल्या कर्जरोख्यांना संस्थान सरकारनें हमी द्यावी आणि ते युरोपांत विकले जावे. लंडनच्या बेअरिंग बंधूंच्या प्रसिद्ध पेढीनें हे रोखे खपविले. आलेल्या पैशांतून मळेवाल्यानें नवी जमीन व नवे गुलाम घ्यावे आणि तेही पुन्हां गहाण टाकावे!

ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं आपल्या वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला. परंतु लंडनमधील एखाद्या सद्गृहस्थास अशा रोख्यांचें व्याज घरबसल्या घेण्यास त्या कायद्याची आडकाठी नव्हती. त्याच्या हातांतील कागदावर संस्थानाची हमी दिसे. मळ्यावरचें माणूस दिसत नसे. गहाणखतांत मात्र तें माणूस होतें. तेथें नांव, वय आणि किंमत यांची रीतसर नोंद होती.

१८३७ सालीं अमेरिकेंत मोठी आर्थिक मंदी आली. कापसाचे भाव कोसळले आणि अनेक मळेवाल्यांचीं कर्जें थकलीं. धन्याच्या कर्जाचा भार अशा वेळीं गुलामाच्या संसारावर पडे. ज्या कर्जांतील एक दमडीही त्यानें घेतली नव्हती, त्याच्यासाठीं त्याचें मूल विकलें जाई. सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक या न्यू ऑर्लिन्समधील दोन बँकांनीं १८३१ ते १८६५ या काळांत सुमारें १३,००० गुलाम तारण म्हणून स्वीकारले. त्यांपैकीं सुमारें १,२५० गुलाम, कर्जें बुडाल्यामुळें, प्रत्यक्ष या बँकांच्या मालकीचे झाले.

‘बँकेनें केवळ कर्ज दिलें, चाबूक कांहीं तिनें चालविला नाहीं, आणि व्यवहार तर कायदेशीर होता,’ असा युक्तिवाद यावर करतां येईल. व्यवहार कायदेशीर होता हें खरें. पण ज्या तारणावर कर्ज दिलें जातें, तें एक दिवस आपल्या पदरांत पडेल, हें सावकार आरंभापासूनच गृहीत धरतो. म्हणजे माणूस विकण्याची तयारी गहाणखतावर सही होतांनाच झालेली होती. कर्ज थकलें तेव्हां ती उघड झाली इतकेंच. शिवाय त्या पैशावांचून गुलामांचा बाजार इतक्या वेगानें फोफावला नसता.

१८६५ सालीं अमेरिकेच्या राज्यघटनेंतील तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी संपली. बँका फुटल्या, जुळल्या, त्यांचीं नांवें बदललीं. गहाणखतें दप्तरांत पडून राहिलीं. पुढें २००२ सालीं शिकागो शहरानें असा नियम केला कीं, नगरपालिकेशीं व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनीं गुलामगिरीशीं असलेला आपला पूर्वसंबंध जाहीर करावा. तेव्हां कोठें हीं दप्तरें उघडलीं. वरील दोन बँकांचा वारसा जे. पी. मॉर्गन चेस या बँकेकडे आला होता. तिनें जानेवारी २००५ मध्यें हे आंकडे प्रसिद्ध करून जाहीर क्षमा मागितली आणि लुइझियानांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीं ५० लक्ष डॉलरच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या.

याच सुमारास, जून २००३ मध्यें, दहा मोठ्या बँकांनीं ‘इक्वेटर तत्त्वें’ या नांवाची आचारसंहिता मान्य केली. धरण, खाण किंवा नळवाहिनी यांसारख्या प्रकल्पास कर्ज देण्यापूर्वीं तेथील माणसांवर व निसर्गावर होणारा परिणाम तपासावा, हें तिचें सूत्र. पुढें अनेक बँका तींत सामील झाल्या. ही संहिता बँकांनीं स्वखुषीनें पत्करलेली आहे. तिचें पालन कितपत होतें याविषयीं वाद आहेत. तरीही कर्ज कशासाठीं दिलें जातें हें पाहणें सावकाराचेंही काम आहे, एवढें तरी तिनें कबूल केलें. गहाणखतांत ज्यांचीं केवळ नांवें व किंमती उरल्या, त्या १३,००० माणसांच्या वेळीं हा प्रश्न कोणत्याही बँकेनें स्वतःला विचारला नव्हता.