भीमजी पारेखांचे खिळे आणि न उठणारा लॅपटॉप

सुरतेच्या इंग्रज वखारीतून १६७० साली लंडनला गेलेल्या पत्रात एक वेगळीच मागणी होती. ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल भीमजी पारेख यांना जुने ब्राह्मणी ग्रंथ छापायचे होते आणि त्यासाठी जाणता मुद्रक हवा होता. त्याला तीन वर्षे वर्षाकाठी ५० पौंड आणि वर अवजारांचा खर्च द्यायला ते तयार होते. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागद घेऊन मुंबईला आला. त्याला छापता येत होते, पण ‘बनिया’ लिपीचे खिळे घडवता येत नव्हते. भीमजींनी आपल्याच माणसांना त्या कामाला लावले. १६७६ च्या पत्रात या माणसांनी छापलेले कागद स्वच्छ आणि वाचण्याजोगे असल्याची नोंद आहे. पण काम फार खर्चाचे आणि वेळखाऊ ठरत होते, म्हणून आता खिळे ओतणारा कारागीर पाठवा, अशी विनंतीही त्यात आहे. भीमजींचा एकही छापील ग्रंथ आज उपलब्ध नाही. (त्यांनी शिवाजी महाराजांकडून छापखाना विकत घेतला, असे मराठीत सांगितले जाते, कंपनीच्या पत्रव्यवहारात मात्र हे सगळे सामान इंग्लंडहून आल्याचे दिसते.)

यंत्र आपल्या घरी आणि त्याचे मर्म दुसऱ्याकडे, ही भीमजींची अडचण पुढे लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसली. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो. उघडले तर पडदा काळा, कळफलक मुका, वाय-फाय गायब. दोष सरसकट फुकट काम करणाऱ्या प्रोग्रामरांच्या माथी मारला जातो. इतिहास तपासला तर तो निवाडा टिकत नाही. झोपेत फक्त मेमरीला वीज मिळते, बाकीचे भाग बंद होतात आणि जाग येताना प्रत्येक चिपला तिची आधीची स्थिती पुन्हा सांगावी लागते. १९९२ च्या ‘एपीएम’ पद्धतीत हे काम बरेचसे बायॉस, म्हणजे यंत्रातच भरलेला मूळ प्रोग्राम (फर्मवेअर), करी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक आणले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली. पण कोणत्या यंत्रात काय कसे बंद करायचे, याची कोष्टके उत्पादकच लिहून फर्मवेअरमध्ये भरत आणि ती विंडोजवर चालली की तपासणी संपली असे मानत. म्हणून फर्मवेअरने ‘तू कोण?’ असे विचारले तर लिनक्सचे कर्नेल (गाभा) आजही विंडोजच्या नावांना होकार देते आणि स्वतःच्या नावाला नकार. पडद्याची कथा याहून बिकट. ग्राफिक्स चिप चालू करण्याचे काम यंत्र सुरू होताना व्हिडिओ बायॉस करी. झोपेतून उठताना ते कोणीच करीत नसे आणि चिपची माहिती कंपनीच्या कुलपात असे. कोणत्या मॉडेलला कोणती युक्ती लागू पडते, याच्या याद्या मग स्वयंसेवक करीत बसले.

यावर कोणी म्हणेल, हे कंपन्यांचे कारस्थानच होते. एसीपीआयमधील भर विंडोजपुरती ठेवता येईल का, असे विचारणारा बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९ चा ईमेल अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झाला, हे खरे. पण एसीपीआयचे विनिर्देश पहिल्यापासून जाहीर होते. शिवाय हिल्सने तरी काय लपवले होते? छापणे आणि खिळे घडवणे हे दोन वेगळे धंदे होते, त्याला एकच येत होता. यंत्र अडायला वैर लागत नाही. ते बनवणाऱ्याला वापरणाऱ्याची गरज ठाऊक नसली आणि वापरणाऱ्याला आतली घडण ठाऊक नसली, एवढे पुरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आधुनिक विंडोज लॅपटॉपही बॅगेत झोपेतच तापतात. मग दोष बंदिस्तपणाचा की गुंतागुंतीचा? गुंतागुंत खरीच आहे, पण बिघाडानंतर काय करता येते, यात मोठा फरक पडतो. उठताना यंत्र गोठले तर मेमरीतल्या नोंदी जातात आणि पडदाही दिसत नाही. २००६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर तोड काढली: उठण्याचा प्रत्येक टप्पा एका आकड्याच्या रूपाने यंत्राच्या घड्याळात लिहायचा, कारण यंत्र पुन्हा सुरू केले तरी घड्याळ टिकते. तारीख-वेळ पार बिघडते, पण नंतर त्या आकड्यावरून कोणत्या ड्रायव्हरपाशी गाडी अडली ते कळते. हे साधन कोणाच्याही हाती आहे. ज्या चिपची माहिती खुली झाली, तिथे पुढची दुरुस्तीही झाली: एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये ग्राफिक्सची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले आणि मार्च २००९ च्या कर्नेलपासून इंटेलच्या चिपवरचा पडदा उभा करण्याचे काम कर्नेलने स्वतःकडे घेतले. गुजराती छपाईतही हेच घडले. १७९७ मध्ये मुंबईच्या ‘कुरिअर’ पत्रातील पारशी कारागिराने गुजराती खिळे घडवले आणि सुरतेत जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत गुजराती छापखाना काढला. त्यातूनच १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ निघाले. खिळे घडवणारा हात इथलाच झाला, तेव्हा धंदा उभा राहिला.

आज अडचण जागा बदलून बसली आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांतून फक्त मेमरीला वीज देणारी जुनी ‘डीप’ झोप उत्पादकांनीच काढून टाकली आहे. उरलेल्या ‘एस-टू-आयडल’ प्रकारात यंत्र पुरते बंद होत नाही; एखादा भाग जागा राहिला तर रात्रभरात बॅटरी उतरते. आपल्या यंत्रात यांपैकी काय आहे, ते कर्नेलच्या ‘मेम-स्लीप’ नावाच्या छोट्या फाइलीत वाचता येते. डेल आणि लेनोव्होसारख्या कंपन्या आता फर्मवेअरच्या दुरुस्त्या लिनक्सलाही पोचवतात, पण त्या फर्मवेअरचा स्रोत बहुतेक ठिकाणी अजून बंदच आहे.